गुडघा बदलल्यानंतरचे पस्तीस दिवस

माझ्या अभ्यासाचा विषय खरं म्हणजे पाणी. बीड जिल्ह्यातल्या जुन्या बारवा, विहिरी आणि त्यांचे भूमिगत पाट यांच्या मागे मी गेली पंचवीस वर्षं पायपीट करतो आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाच्या नातेवाइकाचा असतो तेवढाच. पण २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून रक्ताच्या गुठळीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. शिकवायला कोणी नव्हतं. शब्दकोश जवळ ठेवून, ओळखीच्या डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून, जमेल तसं समजून घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. ज्या चुकीमुळे हे वाचन सुरू झालं ती चूक माझी होती, हेही आधीच सांगून टाकतो.

चार उरलेली इंजेक्शनं

आई तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. आमच्याकडे जोडीने ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माझ्या लहानपणी आई-वडिलांचा असा एक कोयता सहा हंगाम पश्चिमेकडे जात होता. वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून गाडीत चढवायची. पुढे घरची शेती. साठीनंतर तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले आणि चालताना कटकट आवाज करू लागले.

गुडघा बदलता येतो, हे आमच्या भागात बहुतेकांना पहिल्यांदा कळलं ते वर्तमानपत्रांतून. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. त्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तेव्हा ही गोष्ट पंतप्रधानांचीच वाटली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. मग आमच्यासारख्या घरांनीही हिशेब मांडायला सुरुवात केली.

ऑपरेशन मोठ्या शहरात, एका खासगी रुग्णालयात झालं. उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. चौथ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. हातात एक कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि पोटात द्यायची इंजेक्शनं. एकूण दहा द्यायची होती, त्यातली काही तिथेच झाली होती. ती कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जखम पिकू नये म्हणून असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

बीडपर्यंतचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आम्ही मागच्या सीटवर आईचा पाय लांब ठेवून, कुठेही न थांबता आणलं. ‘उगाच चढ-उतार नको’ हा त्यामागचा विचार. घरी आल्यावर खाटेवर झोपवलं. पाहुणे येत होते, ‘हलू नका, आराम करा’ म्हणत होते. इंजेक्शन मीच देत होतो. टोचून झालं की कापसाने ती जागा चांगली चोळत होतो, कारण आयुष्यभर कंपाउंडरला तसंच करताना पाहिलं होतं. दोन दिवसांत आईच्या पोटावर निळे-काळे डाग उमटले.

आई म्हणाली, “पोटाची पार चाळण झाली रं. बास कर आता.”

जखम कोरडी होती, ताप नव्हता. मी बास केलं. सहा इंजेक्शनं झाली होती. चार फ्रिजच्या दारात राहिली.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, “पोटरी दगडावानी झालीय. लई दुखायलंय.” ऑपरेशनचा पाय म्हणजे दुखणारच, सुजणारच, असं आम्ही धरून चाललो. मावशीने तिळाचं तेल कोमट करून पोटरी चोळून दिली. बाराव्या दिवशी पहाटे आई न्हाणीकडे जायला उठली आणि दोन पावलांत खाली बसली. श्वास लागला होता, ओठ काळपट झाले होते, कपाळावर घाम. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती. नशीब इतकंच की ती फार मोठी नव्हती आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला नाही. आई वाचली. पण तो पाय आजही संध्याकाळी सुजतो.

ती चार इंजेक्शनं दिली असती तर हे टळलंच असतं, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ती कशासाठी आहेत हे मला माहीत असतं तर मी ती थांबवली नसती. पोटरी चोळू दिली नसती आणि दहाव्या दिवशीच दवाखाना गाठला असता.

थांबलेलं पाणी

रक्त गोठणं हा आपल्या शरीराचा गुण आहे. तो नसता तर कोयत्याच्या एका वाराने ऊसतोड कामगार रक्त वाहून गेला असता. अडचण होते ती रक्त नको त्या जागी गोठतं तेव्हा.

बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये फुप्फुसात अडकणाऱ्या गुठळ्यांवर मूलभूत लेखन केलं. फुप्फुसातली गुठळी बहुधा तिथे तयार झालेली नसते, दूरच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे त्यांनी दाखवलं. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं आज त्यांच्या नावाने ओळखली जातात. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं.

मला हे समजलं ते विहिरींमुळे. बीडजवळच्या खजाना विहिरीसारख्या जुन्या योजनेत पाट वाहता असेल तर गाळ धरत नाही. जिथे वळण आहे, उतार कमी आहे, तिथे गाळ बसायला सुरुवात होते. पायातलं रक्त तर उताराविरुद्ध वर चढायचं असतं. ते चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतात, खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. माणूस आडवा पडला की हा पंप बंद होतो, आणि या झडपांच्या मागच्या कोनाड्यांत रक्त रेंगाळतं. गुठळीची सुरुवात अनेकदा तिथेच होते.

गुडघा बदलताना ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीला बहुधा हवेचा पट्टा आवळतात, त्यामुळे प्रवाह थांबतो. गुडघा पूर्ण वाकवून हाडं कापली जातात, त्यात मागच्या शिरेला ताण आणि पीळ बसतो. कापलेल्या हाडातून आणि मगजातून गोठण्याची क्रिया चेतवणारे घटक रक्तात मिसळतात. खुब्याच्या ऑपरेशनमध्येही थोड्या फरकाने हेच घडतं. म्हणजे सर्जनच्या हातून काहीही चुकलं नाही तरी गुठळीचा धोका या ऑपरेशनच्या पोटातच आहे.

आधुनिक खुबाबदलाचे जनक सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात १९६२ पासून आपली पद्धत रुजवली. त्यांच्याच रुग्णालयातल्या ७,९५९ शस्त्रक्रियांचा हिशेब १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसात गुठळी गेल्याचं निदान शंभरात जवळजवळ आठ जणांत झालं होतं आणि शंभरात एक माणूस त्याने दगावला होता. वेदना घालवण्यासाठी केलेल्या ऑपरेशनात हे प्रमाण भयंकर होतं. आज लवकर चालवणं, कंबरेखालची भूल आणि प्रतिबंधक औषधं यांमुळे ते कितीतरी खाली आलं आहे. पण जे खाली आलं ते रोजची काळजी घेतल्यामुळे. काळजी सुटली की धोका परत डोकं वर काढतो.

कुजका चारा आणि कुत्र्याचं यकृत

रक्त गोठू न देणारी औषधं माणसाला सापडली ती दुसरंच काही शोधताना. १९१६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला एक अर्क उलटंच काम करतो, असं त्याला दिसलं. त्यातून पुढे हेपारिन आलं. ग्रीक भाषेत यकृताला ‘हेपार’ म्हणतात, म्हणून हे नाव.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या कोणाही शेतकऱ्याला जवळची वाटेल. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या थंड प्रदेशात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, साधी खरचट झाली, तरी रक्त थांबेना. कारण सापडलं ते चाऱ्यात. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचं गवत ओलं राहून बुरसटलं की त्यात हा दोष येतो. चांगल्या काळात तो चारा फेकून दिला असता, पण पैसा नव्हता, दुसरा चारा नव्हता. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, कुजका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढची सहा वर्षं खपून १९३९ मध्ये चाऱ्यातला तो पदार्थ वेगळा केला. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

ऑपरेशनच्या रुग्णांना अशी औषधं द्यावीत का, हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत होता. रक्त पातळ केलं तर जखम वाहील, ही सर्जनची भीती रास्तच होती. तो पेच सोडवण्यात मोठा वाटा आहे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांचा. किरणोत्सारी आयोडीन वापरून त्यांनी ऑपरेशन झालेल्या १३२ रुग्णांचे पाय रोज तपासले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४० जणांच्या पायात गुठळ्या निघाल्या. कितीतरी जणांना बाहेरून काहीच लक्षण नव्हतं. मग त्यांनी हेपारिनच्या अगदी थोड्या मात्रेची अनेक देशांत मिळून चाचणी घेतली. १९७५ च्या त्या चाचणीत ४,१२१ रुग्ण होते. औषध न दिलेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने १६ जण दगावले, तर हेपारिन दिलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात २.

“आपल्याकडे हे होत नाही”

इतकं सगळं माहीत असूनही आपल्याकडे ही काळजी उशिरा आली. ‘गुठळी हा गोऱ्या लोकांचा आजार आहे’ असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. त्यात थोडं तथ्य आहे. गोठण्याचा कल वाढवणारा एक आनुवंशिक दोष १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे सापडला. तो युरोपीय वंशाच्या शंभरातल्या सुमारे पाच जणांत असतो, आपल्याकडे त्याहून बराच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मलेशियातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रतिबंधक औषध न घेतलेल्या ८८ रुग्णांचे पाय तपासले, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक जणांत गुठळ्या दिसल्या. २००३ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अग्रवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध न दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत गुठळ्या होत्या. यातल्या बहुतेक गुठळ्या लहान, मुक्या आणि आपोआप विरघळणाऱ्या असतात. प्रश्न त्यातल्या थोड्यांचा असतो, आणि त्या थोड्या कोणाच्या पायात आहेत हे आधी कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच काळजी घ्यावी लागते.

२००६-०७ मध्ये भारतातल्या १० रुग्णालयांत, सर्व प्रकारच्या मिळून २,०५८ रुग्णांची पाहणी झाली. निम्म्याहून अधिक रुग्णांना गुठळीचा धोका होता. त्यांतल्या शंभरपैकी सुमारे सतरा जणांनाच शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपचार मिळत होता. सांधेबदल करणाऱ्या सर्जनांमध्ये आता चित्र बदललं आहे. आमच्या आईच्या कार्डावरही औषध लिहिलेलं होतंच. तुटलेली कडी पुढची होती.

कडी कुठे तुटते

या सगळ्या वाचनात माझे डोळे उघडले ते कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाने. १९९८ च्या या अभ्यासात खुबा किंवा गुडघा बदललेल्या चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद पाहिली गेली. त्रास देणारी गुठळी निदान होण्याचा मधला दिवस गुडघ्याच्या बाबतीत सातवा होता आणि खुब्याच्या बाबतीत सतरावा. खुब्याच्या रुग्णांत चारांपैकी तिघांचं निदान घरी गेल्यानंतर झालं होतं, गुडघ्याच्या रुग्णांत जवळजवळ निम्म्यांचं. म्हणूनच गुडघ्यानंतर निदान दहा ते चौदा दिवस आणि खुब्यानंतर पस्तीस दिवसांपर्यंत औषध चालू ठेवण्याचा प्रघात आहे. गुडघ्यालाही अनेक सर्जन पस्तीस दिवस देतात.

आता रुग्णाला चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. म्हणजे या पस्तीस दिवसांपैकी तीसएक दिवस घरात जातात. तिथे नर्स नसते. मुलगा असतो, सून असते, तेल चोळणारी मावशी असते. औषध जगाच्या पाठीवर शंभर वर्षांच्या खटपटीने तयार झालं, ते बीडच्या फ्रिजपर्यंत पोचलं आणि तिथून पोटापर्यंतच्या चार पावलांत अडलं.

कोणतं औषध, हा निर्णय सर्जनचा. जाणकारांतही त्यावर वाद आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या ३,४२४ रुग्णांच्या चाचणीत, पहिले पाच दिवस रिव्हारोक्साबॅनची गोळी देऊन पुढे साधी ॲस्पिरिन दिली तरी फरक पडला नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पहिल्यापासून ॲस्पिरिन दिली, तेव्हा गुठळ्या ३.४५ टक्के झाल्या आणि एनॉक्झापॅरिनच्या इंजेक्शनवर १.८२ टक्के. त्यामुळे शेजाऱ्याला गोळी आणि आपल्याला इंजेक्शन का, याचं उत्तर प्रत्येकाच्या धोक्याच्या मापात असतं. आधी गुठळी झालेली असणं, घराण्यात तसा इतिहास, कर्करोग, लठ्ठपणा, संप्रेरकांच्या गोळ्या या गोष्टी ऑपरेशनआधीच सांगायला हव्यात. जठरातला व्रण, आधीचा रक्तस्राव, मूत्रपिंडाचा आजार हेही सांगायला हवं, कारण मग तराजूचं दुसरं पारडं जड होतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हेपारिन आणि एनॉक्झापॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनवतात. माझी आई माळकरी. पुढे मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आधी सांगायचं असतंय रं.” ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधीच बोलावं. संपूर्ण रासायनिक पद्धतीने तयार केलेली इंजेक्शनं आणि गोळ्याही आज मिळतात.

घराचं काम

घरातल्या माणसांनी करायच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. औषध शेवटच्या दिवसापर्यंत द्यायचं, आणि थांबवायचं असेल तर फोन करून, विचारून. पोटात इंजेक्शन दिल्यावर ती जागा चोळायची नाही, चोळल्यानेच डाग वाढतात. तसे डाग पडणं नेहमीचं आहे. पण जखमेतून रक्त झिरपत असेल, शौचाला काळी होत असेल, लघवीतून रक्त जात असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. खाटेवर असतानाही तासातासाला पावलं वर-खाली हलवायची. सांगितलं असेल तितकं रोज चालायचं. लांबचा प्रवास टाळता येत नसेल तर दर तासाला थांबून उभं राहायचं. लवचीक मोजे सांगितले असतील तरच, आणि मापाचे घालायचे.

सूज दोन्हीकडून ओळखायला शिकावी. ऑपरेशनची सूज रोज थोडी ओसरते, पाय उंच ठेवला की उतरते. पोटरी अचानक जास्त सुजली, कडक आणि गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर त्याच दिवशी शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. अशी पोटरी कधीही चोळू नये. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नये.

२०२१ मध्ये आईचा दुसरा गुडघा बदलला. पहिली गुठळी होऊन गेलेली असल्याने धोका जास्त होता आणि डॉक्टरांनी औषध पस्तीस दिवसांचं दिलं. या वेळी मी डिस्चार्ज कार्ड घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि एकेका ओळीचा अर्थ विचारला. परतताना गाडी चार ठिकाणी थांबवली. घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयावर पस्तीस चौकोनांना पेन्सिलीने गोल केले. रोज रात्री गोळी घेतली की आई स्वतः वॉकर धरून भिंतीपाशी जायची आणि त्या दिवसावर फुली मारायची. पस्तिसावी फुली मारून झाल्यावर तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि जेवायला वाढायला सांगितलं.